'चार्ज' म्हणजे नेमकं काय? बैलगाडीपासून बॅटरीपर्यंत

ख्रिस्तपूर्व ५८ साली हेल्वेटी नावाचे लोक आजच्या स्वित्झर्लंडमधला आपला मुलूख कायमचा सोडून पश्चिमेकडे निघाले. निघण्यासाठी त्यांनी मिळतील तेवढी ओढकामाची जनावरं आणि मिळतील तेवढ्या गाड्या विकत घेतल्या, असं त्यांच्याशी लढलेल्या ज्युलियस सीझरने लिहून ठेवलं आहे. गाडीसाठी त्याने वापरलेला शब्द आहे 'कार्रुस'. हा शब्द मुळात रोमन लोकांचा नव्हे. तो केल्टिक लोकांचा, रोमनांनी उचललेला. पुढे लॅटिनमध्ये त्यावरून 'कार्रिकारे' असं क्रियापद झालं, म्हणजे गाडीवर माल लादणे. जुन्या फ्रेंचमधून ते साधारण तेराव्या शतकात इंग्रजीत पोचलं आणि 'चार्ज' झालं. तेव्हा त्याचा अर्थ अगदी सरळ होता: ओझं.

आज हा शब्द आपण मराठी माणसं इंग्रजी बोलत नसतानाही सतत वापरतो. पोलिसांचा लाठीचार्ज, कोर्टातली चार्जशीट, दवाखान्यातून डिस्चार्ज, मोबाईलचा रिचार्ज, हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज, आणि नव्या साहेबांनी कालच घेतलेला चार्ज. मारहाण, आरोप, वीज, पैसे, अधिकार. यांचा एकमेकांशी काय संबंध? शब्दकोश उघडला तर अर्थांना क्रमांक देऊन मांडलेली लांबच लांब यादी दिसते आणि मुलं ती यादी पाठ करत बसतात. मला वाटतं, हे पाठांतर मुलांवर लादण्याची गरजच नाही. कुणावर तरी किंवा कशात तरी काहीतरी 'चढवलं' जातंय, एवढं एक चित्र डोळ्यापुढे ठेवलं तर यातले जवळजवळ सगळे अर्थ आपोआप उलगडतात. आणि मराठी माणसाला तर ते जास्तच सोपं जायला हवं, कारण आपल्या 'भार' या शब्दाने हाच प्रवास स्वतंत्रपणे केलेला आहे.

सुरुवात कचेरीपासून करू. तलाठी रजेवर गेला की त्याच्या सजाचा, म्हणजे त्याच्याकडच्या गावांचा, चार्ज शेजारच्या तलाठ्याकडे येतो. यालाच सरकारी मराठीत 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. अधिकारी 'पदभार' स्वीकारतो, मुख्याध्यापकाची जागा रिकामी असेल तर 'प्रभारी' मुख्याध्यापक नेमले जातात. माल गाडीवर चढतो तसं काम माणसावर चढतं, हा विचार दोन्ही भाषांत एकच. परराष्ट्र खात्याच्या बातम्यांत 'शार्ज दाफेर' असा एक हुद्दा येतो. राजदूत नसताना दूतावास सांभाळणारा हा अधिकारी, शब्दशः 'कामकाजाचा भार दिलेला'. २०१९ च्या ऑगस्टपासून भारत आणि पाकिस्तान यांच्या एकमेकांकडच्या उच्चायुक्तालयांचे प्रमुख याच दर्जाचे आहेत. इथे 'शार्ज' आणि तिथे 'चार्ज' का, असा प्रश्न पडतो. जुन्या फ्रेंचमध्ये हा उच्चार 'च' असाच होता. फ्रेंचांनी पुढे तो 'श' केला, इंग्रजांनी मात्र उसना घेतलेला जुना उच्चार सांभाळून ठेवला.

माणसावर काम चढतं, तसा पैसाही चढतो. 'हाऊ मच डू यू चार्ज?' म्हणजे तुम्ही किती घेता. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर माझ्यावर किती चढवता. महावितरणचं वीजबिल या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. त्यात 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' अशा रकमा असतात. हे सगळे पैशांच्या अर्थाचे चार्ज. त्याच बिलावर 'मंजूर भार' असतो, तो किलोवॉटमध्ये, तो लोड. आणि 'वीज शुल्क' हा सरकारचा कर. इंग्रजीत जिथे एकच शब्द ताणला जातो तिथे मराठीने 'आकार', 'भार' आणि 'शुल्क' अशी कामं वाटून दिली आहेत, आणि ती वाटणी मला फार नेटकी वाटते. वर आणखी रक्कम लादली की ती सरचार्ज, मराठीत 'अधिभार'. हा शब्द घडवणाऱ्याला मूळ इंग्रजी शब्दातलं ओझं नक्की दिसलं असणार.

हॉटेलातला सर्व्हिस चार्ज मात्र कर नव्हे, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. जीएसटी सरकारकडे जातो; सर्व्हिस चार्ज हॉटेलकडेच राहतो. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. चार्ज या शब्दाचा धाकच असा की तो बिलात छापलेला दिसला की तो द्यावाच लागतो असं वाटतं.

शेतकऱ्याला या शब्दाचा आणखी एक अर्थ भेटतो, पण वेगळ्या नावाने. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज घेतलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात 'बोजा' चढतो. कर्ज फिटलं की तो उतरवून घ्यावा लागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये 'चार्ज'ची व्याख्या आहे: एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याचे पैसे मिळण्याची हमी म्हणून बांधली जाते, पण तो व्यवहार गहाण ठरत नाही, तेव्हा तो चार्ज. कंपन्या कर्ज घेतात तेव्हाही त्यांच्या मालमत्तेवर चार्ज नोंदवावा लागतो. कायद्याच्या इंग्रजीतला हा अवघड वाटणारा शब्द आपल्या गावच्या चावडीवर 'बोजा' म्हणून पिढ्यान् पिढ्या बोलला जातो आहे. जमीन विकत घेणारा माणूस बोजा आहे का हे आधी पाहतो, तेव्हा तो नेमका हाच चार्ज शोधत असतो.

आता कोर्टाकडे. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण इथला गोंधळ माणसांच्या अब्रूशी जोडलेला आहे. 'आरोप' हा शब्द संस्कृतात 'वर चढवणे' याच अर्थाच्या धातूपासून आला आहे. म्हणजे दोष कुणावर तरी ठेवणं. इंग्रजीतही तेच. पण भारतात हे ओझं एकदम चढत नाही, त्याला पायऱ्या आहेत. तक्रार नोंदली गेली की 'गुन्हा दाखल' होतो, ही एफआयआर. पोलीस तपास पूर्ण करून न्यायालयात अहवाल देतात. या अहवालाला आपण चार्जशीट म्हणतो, पोलिसांच्या मराठीत 'दोषारोपपत्र'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा अहवाल कलम १९३ खाली येतो. आधीच्या संहितेत तो कलम १७३ खाली होता. आरोपी कोठडीत असेल आणि ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत, हा अहवाल आला नाही, तर त्याला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो. त्यामुळेच 'चार्जशीट वेळेत दाखल झाली नाही' ही बातमी मोठी ठरते.

पण चार्जशीट म्हणजे चार्ज नव्हे. चार्ज ठरवतं न्यायालय. कागद वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश आरोप निश्चित करतात, ते आरोपीला वाचून दाखवतात, आणि मग खटला चालतो. कागदांत दम नाही असं दिसलं तर न्यायाधीश आरोपीला खटल्याआधीच 'डिस्चार्ज' करतात, म्हणजे आरोपमुक्त. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर ती 'निर्दोष मुक्तता'. पहिल्यात ओझं चढण्याआधीच थांबवलं गेलं, दुसऱ्यात चढवून, तोलून, उतरवलं गेलं. वर्तमानपत्रांनी हा फरक पाळायलाच हवा, आणि अनेकदा तो पाळला जात नाही.

त्यात परदेशी बातम्या भाषांतरित करताना आणखी घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये पोलीस एखाद्याला 'चार्ज' करतात, तेव्हा त्याच्यावर अमुक गुन्ह्याचा आरोप औपचारिकपणे ठेवला गेलेला असतो, आणि हे बऱ्याचदा अटकेनंतर लवकरच घडतं. आपल्याकडची ९० दिवसांनी येणारी शेकडो पानांची चार्जशीट त्या टप्प्यावर तिथे नसते. म्हणून लंडनच्या बातमीतल्या 'चार्ज्ड'चं मराठी 'आरोपपत्र दाखल' असं करण्यापेक्षा 'आरोप ठेवण्यात आला' असं करणं बरोबर.

न्यायालयात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो आता भारतात विस्मरणात गेला. ज्यूरी, म्हणजे निर्णय देण्यासाठी निवडलेली सामान्य नागरिकांची मंडळी, बसवली जायची तेव्हा ती निर्णयासाठी आत जाण्याआधी न्यायाधीश तिला पुरावा उलगडून सांगत, कायदा समजावत. या भाषणाला म्हणत 'चार्ज टू द ज्यूरी'. यात आरोप नाही की पैसा नाही. यात न्यायाधीश ज्यूरीच्या खांद्यावर जबाबदारी ठेवतात. मुंबईच्या १९५९ च्या नानावटी खटल्यात खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी कावस नानावटी यांना ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे चर्चेचा एक मोठा मुद्दा हाच होता की, सत्र न्यायाधीशांच्या त्या 'चार्ज'मध्येच चुका होत्या. गोळी अपघाताने सुटली असं आरोपी म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे, हे ज्यूरीला नीट सांगितलं गेलं नव्हतं. उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरवलं आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्या निकालातल्या 'मिसडायरेक्शन इन द चार्ज' या शब्दांचा अर्थ 'आरोपात चूक' असा लावला तर सगळंच बिघडतं.

हल्ल्याचा अर्थ मात्र पहिल्या नजरेला ओझ्याशी जुळत नाही. दुवा आहे शस्त्रांचा. शस्त्र 'चार्ज' करणं म्हणजे ते वार करायला सज्ज करणं: घोडेस्वाराने भाला आडवा धरून रोखणं, बंदुकीत दारू भरणं. सज्ज शस्त्र घेऊन शत्रूवर तुटून पडण्यालाही सोळाव्या शतकात हाच शब्द लागला. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा इथे ब्रिटिश घोडदळाने तोफांच्या तोंडावर केलेली चाल आजही 'चार्ज' म्हणूनच इतिहासात ओळखली जाते. भारतात या शब्दाला लाठी जोडली गेली आणि 'लाठीचार्ज' हा खास इथला शब्द तयार झाला. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सायमन कमिशनविरोधी मोर्चावर असाच लाठीचार्ज झाला, त्यात लाला लजपतराय जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. मराठीत 'लाठीमार' हा शब्द आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे. चार्ज म्हटलं की शिस्तीत केलेली कारवाई डोळ्यापुढे येते. मार म्हटलं की ज्याच्या पाठीवर काठी पडली तो माणूस दिसतो.

बंदुकीत भरलेल्या दारूच्या मापालाही चार्ज म्हणतात, आणि मराठीत त्याला 'बार'. बार भरायचा, बार उडवायचा, आणि दारू ओली असेल तर 'फुसका बार'. फारसीत 'बार' म्हणजे ओझं. 'बारदान' हा शब्द त्याच घरातला. फारसीचा बार, संस्कृतचा भार आणि इंग्रजीतलं ओझ्यासाठीचं 'बर्डन' हे तिन्ही वाहून नेण्याच्या एकाच अतिप्राचीन धातूचे वंशज आहेत. चार्ज त्या घरातला नव्हे. तरीही सगळे एकाच अर्थाला येऊन मिळाले, याचं मला अजूनही नवल वाटतं.

बंदुकीतूनच आपण विजेकडे येतो. १७४५-४६ च्या सुमाराला युरोपात 'लायडन जार' तयार झाली: आतून-बाहेरून धातू लावलेली काचेची बरणी, जिच्यात घर्षणाने तयार केलेली वीज साठवता येई. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन तिच्यावर प्रयोग करू लागला. १७४७ पासून लंडनच्या पीटर कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रांत तो बरणी 'चार्ज' आणि 'डिस्चार्ज' झाल्याचं लिहितो. बंदूक भरतात आणि झाडतात, तशी ही बरणी भरायची आणि ठिणगीसह रिकामी करायची. पुढे १७४९ मध्ये त्याने अशा अनेक भरलेल्या काचांच्या जोडणीला 'बॅटरी' म्हटलं. तोवर बॅटरी म्हणजे एकत्र मांडलेल्या तोफा. म्हणजे आज आपल्या खिशात असलेले चार्ज, डिस्चार्ज आणि बॅटरी हे तिन्ही शब्द तोफखान्याच्या बोलीतून आले आहेत.

धन आणि ऋण ही नावंही फ्रँकलिनचीच. वीज हा एक प्रवाही पदार्थ आहे, तो जास्त असेल तिथे धन आणि कमी असेल तिथे ऋण, असं त्याने मानलं. कुठली बाजू 'जास्त' हे कळायला त्याच्याकडे मार्ग नव्हता. त्याने एक बाजू निवडली. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि तारेतून प्रत्यक्ष धावणारा हा कण फ्रँकलिनच्या हिशेबात ऋण निघाला. पुस्तकात विद्युतधारेची दिशा एकीकडे आणि इलेक्ट्रॉनची दुसरीकडे दाखवलेली असते, त्याचं मूळ हे. शाळेतल्या मराठी पुस्तकांत या चार्जला 'प्रभार' म्हणतात. प्रभारी मुख्याध्यापक आणि ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन यांच्यातला हा समान शब्द विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावा. मुलांना तो एकदा दिसला की विसरत नाही.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मोबाईल चार्जिंगला लावला की बॅटरीत प्रभार भरला जातो, असं वाटतं. तसं होत नाही. चार्जर जेवढे इलेक्ट्रॉन बॅटरीच्या एका बाजूने ढकलतो, तेवढेच दुसऱ्या बाजूने काढून घेतो. आत लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून निघून ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडमध्ये जाऊन बसतात. एकूण प्रभार आधी शून्य होता, नंतरही शून्यच. वाढते ती साठलेली ऊर्जा. फ्रँकलिनने लायडन जारबद्दल नेमकं हेच ओळखलं होतं: भरलेल्या बरणीत आधीपेक्षा जास्त वीज नसते, एका बाजूची काढून दुसरीकडे ठेवलेली असते. मग बॅटरीवर लिहिलेलं ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) म्हणजे काय? ते प्रभाराचंच माप आहे, पण साठ्याचं नव्हे, वाहतुकीचं. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत फोनमधून एकूण १८,००० कूलोम प्रभार फिरून परत येतो. एक कूलोम म्हणजे ६२४ च्या पुढे १६ शून्यं लिहिल्यावर होतील साधारण तेवढे इलेक्ट्रॉन.

उपसर्ग लागलेली मंडळी आता कठीण राहत नाहीत. 'डिस्चार्ज' म्हणजे ओझं उतरवणं. म्हणूनच तो रुग्णालयातून मिळतो आणि जखमेतूनही होतो, तेव्हा तो स्राव. पावसाळ्यात कोयनेतून इतके हजार क्युसेक 'विसर्ग' सुरू, असं आपण वाचतो, तोही डिस्चार्जच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. कर्तव्य 'डिस्चार्ज' करणं म्हणजे ते टाकून देणं नव्हे, तर पार पाडणं. अंगावरचं काम पुरं करून भार उतरवणं. 'रिचार्ज' म्हणजे पुन्हा भरणं. मोबाईलचा रिचार्ज सगळ्यांना माहीत आहे, पण विहिरीचाही होतो. त्याला आपण 'पुनर्भरण' म्हणतो, आणि त्यातलं 'भरण' हे 'भार' ज्या धातूपासून आला त्याचंच. सभेतलं वातावरण 'चार्ज्ड' असतं, तेव्हा मराठीत ते 'भारलेलं' असतं आणि श्रोते 'भारावून' जातात.

इतकं समजलं तरी वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारचे छोटे शब्द ठरवतात, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं तिथेच अडखळतात. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजेही मूल नर्सच्याच ताब्यात. मध्ये एक 'द' आला आणि सांभाळणारा व सांभाळला जाणारा यांच्या जागा बदलल्या. ज्या मुलाला सांभाळायचं, त्यालाही इंग्रजीत 'माय चार्ज' म्हणतात, म्हणजे माझ्यावर सोपवलेलं लेकरू. 'ऑन अ चार्ज ऑफ थेफ्ट' म्हणजे चोरीच्या आरोपावरून. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट. 'चार्ज ॲट' म्हणजे अंगावर धावून जाणं. 'चार्ज टू माय अकाउंट' म्हणजे माझ्या खात्यावर मांडा.

सगळ्यात फसवं आहे 'चार्ज्ड विथ'. 'ही वॉज चार्ज्ड विथ रॉबिंग द बँक' म्हणजे त्याच्यावर बँक लुटल्याचा आरोप ठेवला गेला. 'ही वॉज चार्ज्ड विथ गार्डिंग द बँक' म्हणजे त्याच्यावर बँकेच्या राखणीचं काम सोपवलं गेलं. दोन्ही वाक्यांची रचना सारखीच आहे, आणि दोन्हींत त्या माणसावर काहीतरी चढवलेलं आहे. मराठी मात्र इथे पहिल्या फटक्यात वेगळी होते: पहिल्यावर आरोप, दुसऱ्यावर जबाबदारी. म्हणून हे दोन शब्द दिसले की त्यांच्या पुढचं क्रियापद वाचेपर्यंत मनात भाषांतर सुरू करू नये.